टाकी लावाय दोघी गेलो

माझं गाव कुठलं म्हणून इचारता ताई, तर काय सांगू तुमाला, आमा पाथरवटांना गाव नसतं, खाण असती. काळा दगड चांगला निघंल तिथं पाल टाकायचं, दगड सरला का गाढवांवर बिऱ्हाड लादायचं आन् पुढं. बाप सांगायचा, तू तळेगावच्या अंगाला जल्मलीस, बाभळीखाली, तुझी आई सकाळी पाटे घिऊन बाजारला गेली व्हती आन् दुपारच्याला तू झालीस. आई मला आठवत न्हाई. मी रांगत व्हते का चालत व्हते कुणास ठावं, तिला ताप भरला आन् ती गेली, रस्त्याकडंला माती दिली आन् पाल उठलं. ती जागा बी मला ठावी न्हाई. पुढं त्या रस्त्यानं किती येळा गेले आसंन, दर येळंला वाटायचं, हितं का तितं, कुठं निजलीया माझी आई. जाऊ द्या.

लगीन झालं तरी रस्ता त्योच. मालक माझा दगड घडवायचा, जाती, पाटे, वरवंटे, उखळी, आन् मी गावोगाव टाकी लावीत फिरायची. टाकी लावणं तुमाला कसं कळंल, तुमच्या घरात जातं कुठलं. जातं दळून दळून गुळगुळीत व्हतं, मग पीठ भरड पडतं आन् दळणाऱ्या बाईचा खांदा जातो. मग वरचा दगड खुंट्यावरनं उचलायचा, पालथा घालायचा आन् छिन्नी-हातोडीनं बारीक बारीक टोचे मारायचे, सगळ्या अंगभर, देवीच्या वणावानी. वरचा झाला का खालचा. डोळ्यात भुकटी, नाकात भुकटी. पयलं मूठभर दळण कोंबड्यांना टाकायचं, त्यात कच असती. डोक्यावर पाटी, पाटीत हत्यारं, आन् गल्लीत शिरलं का वरडायचं, टाकीऽऽ लावायची का टाकीऽऽ. कुणी पदरात जोंधळं घालायचं, कुणी भाकरी. पाण्याला मातुर भांडं द्यायचं न्हाईत, वरनं ओतायचे, आमी ओंजळीनं प्यायचं. तसाच काळ व्हता.

तवा आमचं पाल कासारवाडीला, रुळाच्या अंगाला व्हतं. गोरा सायब जाऊन थोडीच वर्सं झाली व्हती, पिंपरीला सिंधी लोकांचा क्यांप व्हता, तिथं मालकाचे पाटे खपायचे. दिवाळी सरली का आमी पाल गाढवांवर लादून निघायचो, भोसरी, चऱ्होली, आळंदी, चाकण आन् त्याच्या पल्याडची गावं. पल्याडच्या येका गावात सरू व्हती. गावाचं नाव न्हाई सांगत, त्यांची माणसं हायेत अजून. कुणब्याचं घर, दारात गोठा, आन् ही नवी सून, माझ्याच वयाची. मी अंगणात टाकी मारीत बसले का ही शेणी थापायचं निमित काढून जवळ यायची आन् इचारायची, कुठनं कुठनं आलीस गं, नदीला पाणी हाय का, चाकणच्या बाजारात काय काय आलं व्हतं. तिला वेशीभाईर जाणं न्हवतं. मी म्हणायची, बाई तुला घर हाय, छप्पर हाय, माझं काय इचारतीस. ती म्हणायची, तुला पाय हायेत.

पयल्याच साली मी बोलता बोलता चऱ्होलीचं नाव काढलं आन् तिचा हात शेणातच ऱ्हायला. म्हणली, वेशीपाशी चिच हाय, तिथं पयलं घर, तिथं माझी आई हाय, तिला सांगशील का, सरू बरी हाय.

झालं व्हतं असं. सरूच्या सासऱ्यानं चऱ्होलीला पेरणीपुरता बैल दिला व्हता, त्यो तिकडंच मेला. सासरा म्हणला, उपाशी मारला. सरूचा भाऊ म्हणला, म्हाताराच दिला व्हता. शबुद वाढत गेला आन् सासऱ्यानं सांगितलं, आता तुमचा आमचा संबंध सरला. पोरीला माहेरी धाडायचं न्हाई, तिकडचं कुणी दारात येऊ द्यायचं न्हाई. बैल मेला त्यो मेला, पोरीचं माहेर बी घिऊन गेला.

मग मीच झाले त्यांचं टपाल. जाताना चऱ्होलीला बायजाकाकूकडं, सरूच्या आईकडं, जायचं. ती म्हणायची, सांग तिला, माझं गुडगं आता दुखत न्हाईत. चालताना तर भिताड धरायची. पुढं सरूकडं गेलं का ती म्हणायची, सांग आईला, हितं मला लई जीव लावत्यात. आन् तिचे हात बघावं तर निसतं हाड. दोघी खोटं बोलायच्या, आन् मी दोन्हीकडचं खोटं पाटीत घालून न्यायची. काय करू, खरं सांगून कुणाचं भलं व्हणार व्हतं.

सरूला लेक झाली. परतताना ते मी काकूला सांगितलं तवा ती चुलीपुढं बसली व्हती, तिनं जळतं लाकूड मागं वढलं. मग म्हणली, गंगे, मला घिऊन चल. मी म्हणले, काकू, तुमाला दारात बी उभं करणार न्हाईत. ती म्हणली, मला न्हाई करणार, पाथरवटणीला करतील न्हवं?

सासऱ्यानं वळखलं तर काकूचं काय करतील, सरूचं काय करतील, आन् आमचं पाल तर पेटवूनच देतील. मालक म्हणला, गंगे, ही मोठ्या लोकांची भांडणं, आपण मधी पडू नये. मी म्हणले, भांडण त्यांचं हाय, आई काय त्यांच्या मालकीची हाय का. मालक हासला. बरा माणूस व्हता माझा.

दिवाळी सरली तवा काकूनं पोराला सांगितलं, आळंदीला जाती, वस्तीला ऱ्हाईन. सरूच्या गावाच्या अलीकडं ओढा लागतो, तिथं मी थांबले. आमच्या बाया तवा चोळी घालीत न्हवत्या, पदरच गच्च आवळून घ्यायच्या. मी कसंबसं म्हणले, काकू, चोळीवरनं वळखतील. ती करंजाच्या झाडाआड गेली, चोळी काढून गठुळ्यात घातली, पदर गुंडाळून आली. जल्माची घरंदाज बाई, विधवा झाल्यापासनं डोईवरचा पदर कधी ढळला न्हाई. मी मान वर केली न्हाई. तिनंच माझ्या डोक्यावरची पाटी घितली, म्हणली चल, उन्हं चढत्यात.

त्या घरी गेलो. सासरा आन् सरूचा मालक रानात, घरी सासू आन् सरू. सासू म्हणली, आज दोघी गं? मी म्हणले, व्हय, आमची म्हातारी हाय, हाताखाली. पाथरवटणीच्या तोंडाकडं कोण बघतं वो, तिनं बी बघितलं न्हाई. मी वरचा दगड पालथा घातला आन् लागले टोचाय. काकू खाली मान घालून भुकटी झाडीत व्हती, पर ध्यान सारं दाराकडं, भुकटी जागच्या जागी.

मी पाणी मागितलं. सरू तांब्या घिऊन आली, आधी मला वतलं, मग काकूच्या ओंजळीत वतू लागली. काकूच्या मनगटावर गोंदण व्हतं, तुळशीचं. सरूनं ते बघितलं. पाणी ओंजळीतनं भाईर चाललं, तांब्या रिता झाला तरी हिचा हात वाकडाच. काकू प्यालीच न्हाई, ओंजळ तशीच धरून बसली. आतनं सासू वरडली, किती सांडतीस गं, हिरीला काय तुझा बाप पाणी घालतो? सरू म्हणली, हात निसटला आत्याबाई. पदराचा बोळा तोंडात घालून आत गेली.

येक शबुद बोलता येईना दोघींना. मी आपली सावकाश मारायला लागले. दुपारला सरणारं काम, मी म्हणले दगड लई कडक हाय, आन् पाटा बी टाकवून घ्या, वरवंटा बी घ्या. तवर ती बारकी लेक रांगत अंगणात आली ती सरळ काकूच्या मांडीवर. काकूनं तिला उचलली, छातीशी धरली आन् डोळं मिटले. आन् त्याच वख्ताला सासू भाईर आली.

आमच्यासारखीनं त्यांचं लेकरू उचलायचं म्हंजी मार खायचं काम. सासूनं काकूकडं बघितलं, मग सरूकडं बघितलं, तर सरू लेकरू घ्यायला धावली न्हाई, खांबाला धरून हुबी. माझी हातोडी वरच्या वर ऱ्हायली. सासूचं तोंड कसं कसं झालं. मग ती मला म्हणली, जातं अजून नीट झालं न्हाई. आता माणसं येतील रानातनं. उद्या या. दोघी या.

रातीला काकू वेशीभाईर टाकलेल्या आमच्या पालात निजली, माझ्या हातची भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिशी आमी गेलो तवा सासू दारातच व्हती, डोक्यावर पदर घिऊन निघालेली. म्हणली, मी शेजारी पापड लाटाय जाती, दगडाचा आवाज बंद पडला तर गल्लीला वाटंल काम झालं. येवढंच बोलली आन् गेली.

मग त्या दोघी आत आन् मी अंगणात. कामाला काय बी उरलं न्हवतं. मी फुटक्या दगडावर टाकी मारीत बसले, टक टक टक, गल्लीला ऐकू जावं म्हणून. दाराच्या फटीतनं दिसायचं, काकू सरूची वेणी घालीत व्हती. तेल लावायची, गुता सोडवायची, परत मोडायची, परत घालायची. सरू बोलतच व्हती, बोलतच व्हती. मला काय बी ऐकू आलं न्हाई, माझाच आवाज आडवा. हात मारीत व्हता आन् डोळं गळत व्हते. माझ्या डोक्यातनं कुणी असा हात फिरवलेला मला आठवत न्हाई. वाटलं, उठावं, जाऊन काकूच्या पुढ्यात बसावं, म्हणावं माझी बी घाला. पर आवाज बंद पडला असता.

पुढच्या साली गेले तर काकू ऱ्हायली न्हवती. मयताचा सांगावा गेल्यावर सासऱ्यानं सरूला दहाव्याला धाडली. माहेर उघडलं, पर आत आई न्हवती.

मग चाकणला पिठाची चक्की आली, भुकभुक करायची, बाया पाट्या घिऊन रांगंत हुब्या. त्यांचे खांदे वाचले, चांगलंच झालं, मी न्हाई वाईट म्हणत. आमचा टाकीचा धंदा बसला. पिंपरीला औषधाचा कारखाना हुबा ऱ्हात व्हता, मालक पायाच्या दगडावर लागला, मी खडी फोडाय. गाढवं इकली. शेवटच्याला सरूला सांगाय गेले, आता मी यायची न्हाई. ती म्हणली, मग मला जगातलं कोण सांगणार गं? मी पाटी डोक्यावर घितली. गल्ली वळले तवा मागं बघितलं, ती उंबऱ्याच्या आतच व्हती, लेकीला काखंला मारून.

मालक जाऊन लई वर्सं झाली. पोरं कंपनीत हायेत, ही खोली पक्की हाय, नळाला पाणी येतं. बसल्या जागी समदं हाय, काय बी कमी न्हाई. पर दिवाळी सरली, वारं सुटलं का पाय कसंसंच करत्यात, निजू देत न्हाईत. मागं चिंचवडच्या दवाखान्यात त्या गावची येक बाई भेटली. मी इचारलं, सरू? तर म्हणली, हाय की, जिमीन कंपनीला गेली, पोराबरं मोशीला फ्ल्याटात ऱ्हाती, नंबर दिऊ का आज्जे? मी नगं म्हणले. ती मला वळखील, न्हाई असं न्हाई. खुर्चीवर बसवील, कपात च्या दील. पर मग बोलायचं काय? नदीला पाणी किती हाय ते तिला बी आता खिडकीतनं दिसत आसंल. म्हणून न्हाई गेले. जीव जातो तिच्याकडं, सांजच्याला तर लई जातो. जाऊ द्यायचा.

बरं, लिवलंत का समदं? लिवा, नावं तेवढी बदला. सुखी ऱ्हावा बाई. तुमची आई कुठं असती? साताऱ्याला? मग लांब कुठं हाय, सकाळच्या यष्टीनं निघालं का दुपारच्या भाकरीला पोचता की.