पळ का पास

मंग काय बबन, म्होरं मोकळं रान दिसत असताना पोरीनं बॉल दुसरीला द्यायचा? पोरींच्या टीमचा सर हितं न्हाई, म्हनून तुला सांगतो.

आमची सोनी कॉलेजच्या टीमला फुटबॉल खेळती. राहात्याला मॅच हुती, मी बघाया गेल्तो. सोनी बॉल घेऊन अशी निघाली! सर तिकडून वरडला, "पास दे!" मी हिकडून वरडलो, "सोने, पळ!" आमी उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढतो. फळी मोकळी आसंल तर पळायचं, म्होरं मानूस आसंल तर त्याच्या हातात द्यायची. सोनी बारकी हुती तवापासून हे बघती.

पन दोघांचं ऐकून पोरगी जाग्यावरच थांबली. बॉल गेला, आमच्यावर गोल झाला. सरानं तिला टीममधून काढलं. मी बी त्याला नको नको ते बोललो.

घरी सोनी म्हनली, "आबा, कधी पळायचं, कधी द्यायचं, मला कळतं. तुमी दोघं गप बसायचं हुतं."

मी गेलो तर परत भांडन हुईल. सर तुझ्या गावचा हाय. उद्या जा आन् सांग, चूक बापाची हाय, पोरीला घ्या.