रक्ताची चुगली

—अगं त्या हातात नको पोरी, त्या हाताची शीर केव्हाच पळालीय, हा घे डावा—आणि परत कशाला रक्त? परवाच नेलंस की बाटली भरून. बरं, बाटली नाही, नळी. किशिनावच्या प्रयोगशाळेत नेऊन काय त्याचं लोणचं घालता? डॉक्टरांनी कालच सांगितलं—सेराफिमा, थुंकी स्वच्छ आली, ईस्टरला घरी जा. सामान बांधून बसलेय बघ. मुलगा निघालाय गाडी घेऊन, सोबत सून, आणि तिच्या मांडीवर सांदू—माझा नातू, अजून मान धरत नाही, मी फक्त फोनवर पाहिलाय त्याला. आता सांग, तुझी नळी मोठी की माझा नातू?

काय? पेशी थकल्यात? परत सांग, हळू. म्हणजे रक्तातल्या राखणदार पेशी जंतू गिळतात पण मारत नाहीत, तो आत मजेत बसून राहतो, आणि ज्यांनी मदतीला धावायचं त्या लढून लढून गळाठल्यात... आमच्या दारच्या म्हाताऱ्या कुत्र्यासारख्या म्हण की. चोर अंगणात आला तरी एक डोळा उघडतो, परत झोपतो. असू देत थकलेल्या! मीही थकलेय. ह्या क्षयाच्या दवाखान्यात अख्खा हिवाळा काढलाय, मूठ मूठ गोळ्या, वर शेजारणीने पाठवलेली बिज्जूची, त्या बिळात राहणाऱ्या जनावराची, चरबी गरम दुधातून—नाक मुरडू नकोस, इथे सगळेच घेतात. पेशींना काय कळतंय? थुंकी स्वच्छ आहे ना!

आणि ज्याच्या अंगात जंतू अजून जिवंत, त्याचंच रक्त असं असतं म्हणतेस? मग नळी बदलली असेल कुणाची तरी. होते अदलाबदल—म्हणजे तुमच्याकडे होत असेल. मी तर सकाळी उठून, रिकाम्या पोटी, त्या खिडकीशी उभी राहून—नर्स तोंड फिरवून उभी असते, कोण बघणार थुंकताना—खोल खोकून खोकून... किती खोकली बिचारी, डोळ्यांत पाणी आलं तिच्या, म्हणाली, सेराफिमाताई, एवढीच येतेय—

कोण? कोण बिचारी? मी. मीच. स्वतःला बिचारी म्हणू नये का माणसाने? शेजारी डोम्निकाच्या खाटेकडे कशाला बघतेस? झोपलीय ती, बरी झालीय, झोपू दे. तिचं घरी कोणी नाही, तिला कसली घाई. तीच म्हणाली, तुमचं बाळ वाट बघतंय, माझ्या थुंकीची डबी घ्या. मी मागितली नव्हती. ...मागितली. बरं, मागितली! ईस्टर आला की इथे कोण नाही मागत? त्या सकाळी लाल अंडं टाकलेल्या पाण्याने बाळाचं तोंड आजीनेच धुवायचं असतं, मग ‘ख्रिस्त उठला’ म्हणत तीनदा पापा घ्यायचा. माझ्या सासूने माझ्या पोराचं धुतलं, मी नको धुवू? आणि सांदूला जन्मताच लस टोचलीय, मी स्वतः विचारलं सुनेला—

काय? तेवढ्यावर भागत नाही? मान अशी हलवू नकोस गं, नीट बोल. पापा घ्यायला इतकं जवळ तोंड नेलं, की माझा श्वास... आणि त्याच्या पेशी—त्या तर अजून भुंकायलाही शिकल्या नसतील.

ऐकलास हॉर्न? आमचीच गाडी. तो असाच वाजवतो, बापासारखा, सगळ्या गावाला उठवून. सरक जरा, बघू दे. ती बघ, हिरवी टोपी! मीच विणलीय, इथे बसून. हसतोय की रडतोय, एवढ्या लांबून काही कळत नाही मेलं.

झालं तुझं रक्त घेऊन? मग खाली जा आणि माझ्या मुलाला सांग, आईला इतक्यात सोडत नाहीत. का ते सांगू नकोस, मी सांगेन कधीतरी. आणि बाळाला वर आणायचं नाही म्हणावं, तिथूनच दाखवा, टोपी काढून, मला त्याचे केस बघायचेत. बघतेस काय अशी? जा ना! आणि जाताना एक रिकामी डबी ठेव इथे. डोम्निकाला उठवू नकोस.