मुळ्याची आवणी

"हॅलो? … हॅलो… कोण बोलतंय?"

धोंडी माळ्यानं नळी उलटी धरली होती. कारकुनानं ती सुलटी करून त्याच्या कानाला लावली. जव्हारच्या कचेरीतून मोखाड्याच्या बंगल्यापर्यंत तार गेली होती ती साहेबांसाठी. संस्थानच्या बागेत तीस वर्षं माती उकरणाऱ्याला कुणी फोन करील, हे त्याच्याही ध्यानीमनी नव्हतं.

"कोण, सुकरी? … अगं पोरी, तू बंगल्यावर कशी? … बुध्यानं लावून दिला? चौकीदार भला माणूस. … हां… हां, बरा हाय. कंबर सोडून बाकी सगळं बरं. … तू रडतेस का? तानीला काय झालं? … ताप नाय ना? … मग बोल की."

लेक मोखाड्याला दिलेली, तानी तिची दीड वर्षाची पोर. नळीतून दोघींचं रडणं एकदम येत होतं.

"काय मेलं? … मुळा? … सगळा? … अगं, मला वाटलं म्हैस मेली."

धोंडी बाकावर टेकला. सकाळपासून वाकून वाकून पाठीचं लाकूड झालं होतं.

"उगवला होता ना? … चार पानांवर आला, मग मेला कसा? … थांब. परत सांग. … उपटलास. … मुठी बांधल्यास. … रातभर ठेवलास, आन् सकाळी वाफा भिजवून आडवा टाकलास. नागलीची आवणी करतात तसा."

त्यानं डोळे मिटले. डोंगरातली पोर ती, जन्मात लावली ती नागली. नागलीचं रोप उपटून रात्रभर पडू दिलं, ओल्या रानात आडवं फेकलं, तरी चार दिवसांनी मान वर काढतं. मुळ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

"बाय, मुळ्याची आवणी नाय करत. जिथं पेरला तिथंच वाढवायचा. … मेथीची पण नाय. … वांगी, मिरची, ती उपटून लावायची. … हात वाईट? कोण म्हणतं, सासू? तिनं कवा लावला होता मुळा? … नाय ना. मग झालं."

कारकुनानं घसा खाकरला. धोंडीनं त्याच्याकडे पाठ केली.

"ऐक ना. मी इथं नवा होतो तेव्हा फुलकोबीचं बी आलं, मुंबईवरनं, डबीतून. मी पेरलं. आन् वर फांद्या, शेण पसरून पेटवलं, राब भाजला. … हां, पेरल्यावर, आधी नाय; बी पण भाजलं. … हस, हस. साहेब नाय हसले."

पलीकडचं हसणं थांबलं आणि ती काही हळू बोलली. धोंडी बाकावरून उठला.

"सोमवारी? … जिवा जाऊ दे की जंगलतोडीच्या कुपावर. तुझा नवरा, गडी हाय तो. तू लेकराला घेऊन लाकडं तोडायला कुठं जातेस? गेल्या वर्सी तिथल्या झोपडीत महिनाभर खोकली ती. … कणगीत नागली हाय ना? … मग? … हां. नुसती भाकर गिळत नाय. खरं हाय."

म्हणजे तो वाफा साधला असता तर सुकरी पोरीला घेऊन घरीच राहणार होती. एवढं मुळ्याच्या पाल्यावर येऊन ठेपलं होतं.

"मी येऊ? … आठ कोस, पोरी. … नाय गं, रुसलो कशाला. गुडघा टेकला की उठवायला माणूस लागतो आता. … तूच कर. बी उरलंय? … मूठभर? पुष्कळ झालं. आजच पेर. पाचव्या दिशी उगवेल, वीस दिसांत पाला खुडशील. … अख्खा वाफा नको, खाटेएवढी जागा कर. … ओळ वाकडी झाली तर होऊ दे. … दाट झाला की मधला मधला उपट आन् खा. लावू नको, खा. … थोडा मरेल. माझा अजून मरतो. मेलेलं मी सकाळी साहेब यायच्या आधी उपटून टाकतो, म्हणून लोकांना वाटतं धोंडीचं सगळं जगतं."

नुसती तारेची खरखर.

"सुकरे? … आहेस ना?"

धोंडीनं नळी कानाशी घट्ट दाबली.

"काय? … सांडपाणी चालतं की. सकाळचं घाल. … वाल? वालाच्या शेंगा होळीपर्यंत येतील, कुडाच्या कडेला लाव. … कोंबड्या? उकरणारच त्या. भोवती बोरीच्या काट्या टाक, खालून फट ठेवू नको, नायतर… हॅलो? … हॅलो? … सुकरे?"

तार गेली, कारकून म्हणाला, आणि नळी परत अडकवली. मग न राहवून विचारलं, लेक राहते की जाते.

"कोंबड्यांचं विचारत होती," धोंडी म्हणाला, आणि भिंत धरत धरत बागेकडे निघाला.