आईनं निवडलेलं घर

आईसाठी ज्येष्ठांचा निवास मी निवडला असं वाटतं तुम्हाला? छे!

बाबा गेल्यावर तीच म्हणाली, "एकटीला घर खायला उठतं. चल, बघून येऊ."

करमाडजवळच्या पहिल्या ठिकाणी बाग लई छान होती. आईनं विचारलं, "मला बाजारात जायचं असलं तर?"

मॅनेजर माझ्याकडं बघत म्हणाले, "मुलाची परवानगी लागेल."

आई ताडकन उठली. "मी मुख्याध्यापिका होते. पोरांना सुट्टी मी द्यायचे. आता याच्याकडं मागू व्हय?"

चिकलठाण्याला दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी थेट तिलाच विचारलं, "चहा किती वाजता लागतो तुम्हाला?" आई खुर्ची ओढून बसली.

फॉर्मवर 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना होता. मी पेन उघडला. तिनं तो काढून घेतला, स्वतःचं नाव लिहिलं आणि म्हणाली, "येताना फोन करून ये. मी घरी असेनच असं नाही."