तान्ह्यांच्या बाप्तिस्म्याचा वाद

आमच्या बॅप्टिस्ट मंडळीत प्रश्न विचारला की म्हणत, तुझा विश्वास कमी पडतो. म्हणून मी मंडळीच सोडली आणि फोनवर सगळ्या पंथांच्या विश्वासणाऱ्यांचा ग्रुप काढला. जुन्या मंडळीतली काही माणसं आणि तिथले पाळकही त्यात आले. एकदा तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्यावरून, जो बॅप्टिस्ट मानत नाहीत, वाद पेटला, तसा पाळकांचा मला डिलाईल रोडच्या घरी फोन आला.

“योहानकाका, फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करा.”

“पाळकसाहेब, गिरणीच्या संपात आम्ही कामगार पुढाऱ्यांचं नुसतं ऐकत राहिलो. गिरणी गेली.”

“मग मी आमची माणसं काढून नेतो.”

मी लगेच त्यांनाही ॲडमिन केलं. म्हटलं, “आता काढा, सगळ्यांच्या देखत.”

त्यांनी अजून एकालाही काढलेलं नाही. परवा बाप्तिस्म्यावर सगळ्यांत लांब मेसेज त्यांचाच होता.