पहिले पाची पुणे

सोमारी : तिथी उभं राहून काई होत नाई, मॅडम. टाकीच्या या अंगाले या. अख्ख्या दवाखान्यात रेंज या गच्चीवर, आन गच्चीवर बी इथीच.

मयुरी : उघडली साईट. सिस्टर, पाच वाजता हे बंद होते. सव्वातीन झाले.

सोमारी : मंग भरा ना. ओपीडी रिकामी हाय. भराचं काय हाय पन?

मयुरी : यादी. भुलीचं एमडी कोणत्या कॉलेजात कराचं, ते नंबरानं टाकाचं. माह्या मार्कावर वरून खाली पाहत येतेत, जिथी जागा लागली तिथी पाठवतेत. एकदा लॉक केली का बदलता येत नाई.

सोमारी : लगनासारखं.

मयुरी : लग्नात एकच नाव असते. इथी चाळीस टाकता येते.

सोमारी : बाबाले सांगतलं का, भूलवाली डॉक्टर होनार म्हनून?

मयुरी : सांगतलं. नागभीडवरून फोन आला लगेच. म्हणे, एवढं शिकली आन लोकायले झोपवणार? धानाच्या बांधीवर आमाले फुकट झोप येते. मी म्हटलं, बाबा, झोपवणं सोपं हाय. परत उठवाले शिका लागते.

सोमारी : बेस सांगतलं. वाचा यादी.

मयुरी : एक नंबर, पुणे. दोन, पुणे. तीन, पुणे, ट्रस्टचं हॉस्पिटल. चार...

सोमारी : पुणे.

मयुरी : तुमाले कसं कळलं?

सोमारी : तीस वर्षं ओटीत काढली, मॅडम. साहेब हात पुढं करते तव्हा कोनतं औजार पाह्यजे ते कळते. पाचवं बी पुणेच हाय ना?

मयुरी : चांगली कॉलेजं हायेत तिथी.

सोमारी : असतीन. नागपुरात नाईत का? मुंबईत नाईत? पुण्यात कोन हाय?

मयुरी : कोणी नाई.

सोमारी : बीपी मोजू का?

मयुरी : निकेश हाय. माह्या बॅचचा, वरोऱ्याचा. हाडाचं पीजी करून राह्यला, दुसरं वर्ष.

सोमारी : आता सांगा, ही यादी भूल देनारीची हाय का भुललेलीची?

मयुरी : हसा तुमी.

सोमारी : हसून नाई राह्यली. पोरगं चांगलं असन तं मी बी पुणेच म्हनन. पन तिथी तुमच्या हातानं पाठीतली सुई द्याले कितीक भेटन, हे इचारलं का?

मयुरी : नाई.

सोमारी : मंग काय इचारलं?

मयुरी : त्याच्या होस्टेलपासून किती लांब हाय ते.

सोमारी : रीनाचं ध्यान हाय का तुमाले? मागच्या महिन्यातली?

मयुरी : ते नका काढू, सिस्टर.

सोमारी : काढते. लेकरू पोटात आडवं. ओटी तयार, सर्जन साहेब हात धून उभे. भूलवाले साहेब तेवढे नोहोते. ते बुधवारी येतेत.

मयुरी : आन तो सोमवार होता.

सोमारी : बाईच्या कळा काई वार पाहून येत नाईत. गडचिरोलीपावतर शंभर किलोमीटर, तुमी तिचा हात धरून, मी सलाईन धरून.

मयुरी : वाचले ना दोघं.

सोमारी : वाचले. परत येताना तुमीच गाडी थांबोली. आष्टीले चहा पेताना म्हनल्या, सिस्टर, मी भूलच शिकते. तव्हा पुन्याचं नाव नोहोतं घेतलं.

मयुरी : तव्हा निकेशसंग भांडण चालू होतं.

सोमारी : लावा त्याले फोन. आवाज मोठा ठेवा, मले बी ऐकू येऊ द्या.

निकेश : हॅलो, बोल ना. केलीस का लॉक?

सोमारी : केलीस? हा वरोऱ्याचा होय ना?

मयुरी : दीड वर्षात 'मले'चं 'मला' झालं त्याचं. निकेश, सोमारी सिस्टर हायेत बाजूले. एक इचारते, खरं सांगजो. तुह्या इथी भुलीचे पहिल्या वर्षाचे पोरं किती केसा करतेत हातानं?

निकेश : करतात की. उत्तम डिपार्टमेंट आहे. अशी यंत्रं आहेत ना, तू पाहिलीसुद्धा नसशील.

सोमारी : यंत्र बंद पडलं तं, साहेब?

निकेश : लगेच दुसरं आणतात, सिस्टर.

सोमारी : आमच्या इथी दुसरं नाई.

मयुरी : निकेश? गेली का रेंज?

निकेश : नाई. हाय मी. मयुरी, तो हेमराज हाय ना, आपला सिनियर, नागपूरले भूल करून राह्यला. त्याले म्या इचारलं होतं तुह्यासाठी. म्हणे, रडवतेत, पण वर्षभरात हात असा बसते का अंधारात सुई देशील. चंद्रपूरचं बी तसंच सांगे.

मयुरी : कधी इचारलं?

निकेश : पंधरा दिवस झाले.

मयुरी : आन मले काऊन नाई सांगतलं?

निकेश : सांगतलं असतं तं तू पुणे खाली टाकलं असतं.

सोमारी : आला. पोरगं वरोऱ्याले आलं.

मयुरी : मी खाली टाकून राह्यली, निकेश. नागपूर, मंग चंद्रपूर, मंग पुणे. राग धरशील?

निकेश : धरन ना. दोन दिवस. मंग रेल्वेचं टाइमटेबल पाहीन.

(अकरा दिवसांनी, तीच गच्ची.)

मयुरी : लागलं, सिस्टर. चंद्रपूर.

सोमारी : नागपूर हुकलं?

मयुरी : थोडक्यात.

सोमारी : वाईट वाटून राह्यलं?

मयुरी : सकाळी वाटलं. मंग निकेशचा फोन आला. म्हणे, पुण्यावरून चंद्रपूरले येताना वरोराच लागते, आईले सांगाले कारण झालं. बाबानं गावात पेढे वाटले. भूल म्हंजे काय, ते कोणालेच नाई सांगतलं त्यायनं.

सोमारी : किती वर्षं हाय हे?

मयुरी : तीन. मंग एक वर्ष सरकारची नोकरी कराच लागते. मी हाच दवाखाना मागीन. देतीन का नाई, मालूम नाई.

सोमारी : मले रिटायर व्हाले चार हायेत.

मयुरी : म्हंजे?

सोमारी : म्हंजे एक वर्ष भेटते आपल्याले. ये तू.