कोण ओरडतंय ते बघू

आमच्या केजच्या कॉलेजचा सर्व्हर लई मंद झालता, म्हणून एक दिवस त्याच्यावर मागं कोणकोणत्या सर्व्हिसेस, म्हंजी आपोआप चालणारे प्रोग्राम, चालू हायेत ते बघायला बसलो. यादीत एक सर्व्हिस अशी निघाली, की ती कशाची हे कुणालाच ठाऊक न्हाई. अशा वेळी माझी रीत सोपी हाय. सर्व्हिस बंद करायची आन कोण ओरडत येतंय ते बघायचं. जो ओरडंल, त्याची ती!

बंद केली. आठवडा गेला, एक माणूस ओरडला न्हाई. उलट रोज बीडहून जीपनं उशिरा येणारे हेडक्लार्क भाऊसाहेब मला कॅन्टीनला घेऊन गेले, चहा पाजला आन म्हणले, "सर, आता कुठं सर्व्हर नीट चालायला लागला बगा!" मी लई फुगलो.

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. "काय हो, आठवडाभर कॉलेजात एकाचीही हजेरी न्हाई?"

ती सर्व्हिस अंगठ्याच्या मशीनची होती.

तसाच भाऊसाहेबांकडं पळालो. "मशीन अंगठा घेत न्हाई, हे तुमाला कळलं न्हाई का?"

"पहिल्याच दिवशी कळलं की," भाऊसाहेब म्हणले. "चहा कावून पाजला मग?"